झूमवरचं चर्च

पुन्हा तोच किस्सा? तुम्हाला चहाबरोबर माझीच फजिती लागते. सांगतो, पण मध्ये खिदळायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये इथे परदेशात, टार्निटला, आम्ही घरात कोंडलेले. तिकडे वसईला माझी थोरली बहीण मोनीबाय कंबर मोडून खाटेवर. रोज विचारायची, "फ्रान्सू, येतोस कधी?" मी म्हणायचो, "बाय, विमानंच बंद."

रविवारी सगळं कुटुंब झूमवर रोजरी म्हणायचं. माझ्या मागे दोरीवर चड्ड्या वाळत होत्या. मुलगा विन्सेंट म्हणाला, "डॅडी, बॅकग्राउंड लावतो," आणि मला युरोपातल्या कुठल्याशा जुन्या चर्चमध्ये नेऊन बसवलं. आभाळाला टेकलेले खांब, टोकदार कमानी, रंगीत काचा. मला चष्म्याशिवाय काय दिसतंय! मी आपला डोळे मिटून प्रार्थनेत.

अर्ध्यात मोनीबाय कडाडली, "बहिणीसाठी विमान नाही, आणि कमानी बघायला आहे होय रे?"

"बाय, ते चर्च खोटं आहे!"

"देवाच्या घराला खोटं म्हणतोस? तेही रोजरीत?" तिने फोनच बंद केला.

विन्सेंटने घाईघाईने चर्च काढलं. चड्ड्या बाकीच्यांनी बघितल्या, तिने नाही.

मग महिनोन् महिने अबोला. विमानं सुरू झाल्याबरोबर मी वसईला धावलो. काठी टेकत दार उघडून म्हणते कशी, "आलास? झाला युरोप बघून?"

आता तीच शेजारणींना ऐटीत सांगते, "आमचा फ्रान्सू युरोपातली चर्चं फिरून आलाय." वर मलाच म्हणते, "सांग ना रे, कमानी कशा होत्या त्या!"

विन्सेंटने केव्हाच माफी मागितली. मागायची राहिली आहे ती मोनीबायने.