भाऊ अमेरिकेचा जनरल, मुलगा बंदरावर

गेल्या सोमवारी आखातातल्या एका बंदरावर क्षेपणास्त्र पडलं. माझा गणेश तिथं इलेक्ट्रिशियन शे, आणि माझा सख्खा धाकटा भाऊ मधू अमेरिकेच्या लष्करात जनरल.

काय सांगू तुम्हाला, आमचं माहेर नरडाण्याजवळ. अमेरिकेतल्या काकांना मूलबाळ नव्हतं, वडलांनी मधूला त्यांच्या ओटीत घातलं, तेव्हा तो पाचवीत होता. तिकडं शिकला, फौजेत गेला, कुठकुठल्या लढायांवर जाऊन आला, छातीवरच्या पट्ट्या वाढत गेल्या, त्या आम्ही फोटोतच पाहिल्या. पण दर रविवारी फोन करतो आणि अहिराणीच बोलतो, तीही पाचवीतल्या पोराची, पुढची शिकलाच नाही. गावातले मला चिडवतात, आक्का, तुमच्या जनरलला सांगा ना, आमची विजेची डीपी जळाली शे.

लढाईच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा गणेश म्हणाला, आई, निम्मे लोक निघाले, मी काय करू, मामाला विचार. बंदराला लागून मामाच्याच फौजेचा तळ. मी विचारलं. मधू म्हणाला, आक्का, माले नको इचारू. मी म्हटलं, अरे तुझा भाचा शे तो, हो का नाही एवढं तरी सांग. त्यानं फोन ठेवला नाही, नुसता गप्प. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, जेवनी का तू.

आता आमच्यात कसं, भाऊ वाईट गोष्ट बहिणीला आडून का होईना सांगतोच. मला वाटलं, धोका असता तर यानं निमित्त काढलं असतं, आजारी पडल्याचं सोंग कर म्हणाला असता, पोराला बोलावून घे म्हणाला असता. काही म्हणाला नाही, म्हणजे काही नाही. मी गणेशला सांगितलं, राहा.

सोमवारी पडलं. गणेशचा फोन दिवसभर बंद. बठ्ठं गाव आमच्या ओट्यावर, कोणी चिडवत नव्हतं. मधूला लावला, तोही बंद. संध्याकाळी गणेशच्या जोडीदारानं कळवलं, जिवंत आहे, हात भाजलाय, दवाखान्यात आहे.

काल रविवार, मधूचा फोन आला. गणेश वाचला, मी सांगितलं. माले माहीत शे, म्हणाला. मी विचारलं, तेव्हाही माहीत होतं का रे. जेवनी का तू, म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. सुखी राहा म्हटलं, दुसरं काय म्हणणार, मोठी बहीण शे मी.

गणेश अजून तिकडंच शे. विमानतळ बंद शे.