पाट्याचं पाणी

माजा जन्म मुरबाडच्या तिकडचा, गावाच्या कडेला आमचं लोहाराचं एकच घर, बाप लोहार, आजा लोहार, मंग नवराही लोहारच मिळायचा, त्यात काय विचारायचं. लग्न होऊन कल्याणला आले तं इथे पण तेच, भट्टी, ऐरण, कोळशाची भुकटी, फक्त गाव मोठं. आमच्यात घण बाई मारते, हे तुमाला ठाऊक नसेल. पुरुष सांडशीने तापलेलं लोखंड धरतो, बारक्या हातोडीने जागा दाखवतो, आन तिथे घण घालायचा बाईने, पोटात पोर असलं तरी. माजी पोरं अशीच गेली, पण ते राहू द्या, ते सांगायला बसले तं तुमचं काम राहील.

दत्तू माजा धाकटा भाऊ. बाप वारला तेव्हा तो येवढासा, मामा त्याला ठाण्याला घेऊन गेला आन टेंभी नाक्याजवळ मोटारीच्या गॅरेजात लावला, म्हणून भट्टी त्याला माहीत नाय, मोटार माहीत. नटबोल्ट हातात घेतला की चेहरा असा खुलायचा. मंग लढाई संपली, कल्याणच्या कॅम्पातून मिलिटरी गेली, तिथल्या बराकीत सिंधी लोक राहायला आले, आन मिलिटरीच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. इथला एक लाकडाचा शेट, त्याने एक जीप घेतली आन दत्तूला ड्रायव्हर ठेवला. दत्तू कल्याणला आला, लग्न झालं, सुमन नावाची भावजय आली. मला वाटलं, चला, आता माहेर दोन आळ्या सोडून आलं.

जीप जायची जंगलात, लाकूड तोडायचं तिकडे. मधे काळू नदीचा उतार, पूल नाय, कातळावरून गाडी पाण्यात घालायची, आन सारखं तिचं पोट दगडाला लागायचं. शेट बोलला, गाडी वीतभर उंच करून टाक. दत्तू आमच्याकडे आला, आमच्या ह्यांना बोलला, दाजी, वीतभर नको, चार बोटं पुरे, त्याच्यावर गेली तं वळणावर कलंडेल. हे बोलले, बराबर.

आता उंच करायची तं कशाने, ह्याच्यावर दोघांची काय बोलणी चालायची, काय सांगू तुमाला, भाकऱ्या गार होऊन जायच्या. शेटचा माणूस बोललेला बॉडीच्या खाली लाकडी ठोकळे घाला, तं दत्तू हसला, बोलला ठोकळ्याने बसणारा उंच होईल, पोट राहील तिथेच. मंग कोणीतरी बोलला कड्या बदला. जीपच्या चाकाजवळ लोखंडी पाटे असतात, एकावर एक बांधलेले, गाडीचा सगळा भार झेलतात, ते एका टोकाला कड्यांना लटकलेले असतात, त्या कड्या लांब घातल्या की गाडी उंच, सोपं काम. दत्तू बोलला सोपं हाय, पण स्टेअरिंग हातात थरथरेल, उतारावर मला नको. मंग त्याने कॅम्पाच्या भंगारातून मिलिटरी ट्रकचे पाटे आणले, चांगले जाड. आमच्या ह्यांनी एकेक पाटा दोरीला टांगला, हातोडीने टणकन वाजवला, कान लावून ऐकला, ज्याचा आवाज बसका तो बाजूला टाकला. बोलले, लोखंड चांगलं हाय, पण असंच लावलं तं जीप उड्या मारेल, माणसाची हाडं खिळखिळी होतील. शेवटी ठरलं, जीपचे जुने पाटे तापवून त्यांची कमान वाढवायची, आन सगळ्यांत वरचा लांब पाटा तेवढा ट्रकच्या लोखंडातून नवा घडवायचा. वेळ लागेल पण टिकेल. दत्तू बोलला, दाजी, तुमी घडवा, गाडीला मी चढवतो.

घण मीच मारला. दत्तूच्या गाडीचे पाटे, म्हणून जोर जास्त लावला.

आता हे नीट ऐका, नायतर पुढचं कळायचं नाय. पाटा घडवून झाला की परत लाल करून तेलात बुडवतात, म्हणजे तो कडक होतो. तेल असलं तरी आमी त्याला पाणी देणं बोलतो, बापजाद्यांपासून तोच शब्द. पण नुसतं पाणी दिलेला पाटा काचेसारखा असतो, दणका बसला की तुटला. म्हणून त्याला परत मंद आचेवर धरायचं, रंग बघत बघत, आन त्याचा कडकपणा थोडा कमी करायचा. त्याला बोलतात पाणी उतरवणं. मंग पाटा वाकतो आन परत सरळ होतो, तुटत नाय.

सगळ्या पाट्यांना पाणी देऊन झालं, भिंतीला टांगले, आन आमचे हे थडथड कापायला लागले. हिवताप. गोधड्या टाकल्या, मी वर बसले, तरी कापतायत. भट्टी विझली. रंग बघायचं काम त्यांच्याच डोळ्याचं, दुसऱ्या कोणाला जमणारं नाय. दत्तू पावसात भिजत आला, दारातच उभा राहिला, बोलला, दाजी, शेट घाई करतोय, पाटे चढवू का? हे तापातूनच बोलले, पाणी उतरू दे, मंग चढव. दत्तू बोलला, बरं दाजी. मी तिथेच काढा करत होते, मी ऐकलं. मला त्याच्यात काय वावगं वाटेल? आमच्या घरातली रोजची भाषा ती.

ताप हटेना तं मी ह्यांना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं, तिथेच ठेवून घेतले, मी पण तिथेच. भिंतीवरचे पाटे दत्तूने कधी नेले मला माहीत नाय.

काळूच्या उतारावर पुढच्या डाव्या चाकाचा वरचा पाटा तुटला. चाक मागे गेलं, गाडी कातळावर पालथी झाली, दत्तू खाली. लाकूडतोड्यांनी बैलगाडीत घालून आणला. आणला म्हणजे, आता काय बोलू, माज्या भावाला मी त्याच्या शर्टावरून ओळखला.

आमचे हे दवाखान्यातून उठून आले, भिंतीला धरत धरत. कोणीतरी तुटका पाटा आणून टाकलेला, त्यांनी तुटलेल्या जागी बघितलं, आतले दाणे साखरेसारखे चमकत होते. बघितल्याबरोबर बोलले, पाणी उतरवलंच नाय, सांगितलं होतं मी, ऐकलं नाय पोराने. येवढंच बोलले, पण माणसं उभी होती, बाजारात झालं की ड्रायव्हरच आगाऊ, मेव्हण्याने नको सांगितलं असताना पाटे ओढून नेले. शेटनेही तेच धरलं आन हात वर केले. सुमनच्या पदरात तान्ही पोर, आन लोक तिला तिच्या तोंडावर बोलायचे, तुजा नवरा स्वतःच्या घाईने मेला.

मी तिच्याकडे झोपायला जायची. एक दिवस ती पोरीला पाजत होती, माज्याकडे न बघता बोलली, वन्सं, ते घाई करणारे नव्हते. नदीला पूर होता तं रोज सकाळी जाऊन बघून यायचे, शेटने शिव्या घातल्या तरी पाटे आणले नाय. मी विचारलं तं बोलले, दाजी बोललेत पाणी उतरू दे, मंग चढव. नदी खाली गेली त्या दिवशी बोलले, उतरलं पाणी, आन मंग पाटे चढवले.

गॅरेजातलं पोर ते, त्याला पाणी म्हणजे नदीचं पाणी. काळूचं पाणी. आन माज्या नवऱ्याला पाणी म्हणजे पाट्याचं. दोघं एकमेकाशी बोलले, दोघांनी ऐकलं, आन माजा भाऊ मेला. रडू पण येईना मला.

घरी आले, ह्यांना सांगितलं. ते ऐरणीवर हात ठेवून बसले. मी बोलले, तुमी सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे की त्याने ऐकलं होतं. ते बोलले, असं बोललो तं भट्टीवर कोण येईल? मी बोलले, कोणी नाय आलं तं नाय आलं, पण माजा भाऊ आगाऊ मेला असं त्याची पोर आयुष्यभर ऐकणार काय? त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं नाय. लग्नात असं मी कधी केलं नव्हतं.

तेराव्याला सगळी बसलेली, भावकी, बाजारातले, शेट पण. आमचे हे उठले. बोलले, दत्तूने ऐकलं होतं. मी जे बोललो ते शब्दाला शब्द त्याने केलं. समजून सांगायचं माजं काम होतं, ते माज्याकडून राहिलं. आन खाली बसले. सुमनने पोरीला उचलून मांडीवर घेतलं आन पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मंग जे व्हायचं ते झालं. विळे-कोयते तेवढे यायचे, मंग तेही कमी झाले, भट्टी बंद पडली. आता हे शहाडला कारखान्यात हमाली करतात, मान खाली घालून जातात आन येतात, तापाने मोडलेला माणूस तो. घरात बोलत नायत फार. मी धुणीभांडी करते. शेटने दुसरा ड्रायव्हर ठेवला, जीप अजून जंगलात जाते, आमच्या दारावरून जाते तेव्हा मी आत येते.

सुमन तिच्या माहेरी गेली, सुट्टीत पोरीला घेऊन येते. पोर शाळेत जाते आता. गेल्या खेपेला ह्यांच्याजवळ जाऊन बसली, बोलली, आतोबा, माजे बाबा कसे होते? आमचे हे बोलले, शब्दाचा पक्का होता तुजा बाप. पोर उठून खेळायला गेली. हे भिंतीकडे तोंड करून बसले, आन मी भाकरी थापत राहिले. असं चाललंय बघा. तुमी येवढं बसून ऐकलंत, तुमच्या भावाबहिणींना देव सुखी ठेवो.