भिंतीकडे तोंड

(लिबियातलं मिसराता शहर. वनीसचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, शटर अर्धं खाली ओढलेलं. कॉम्प्युटरसमोर झोहरा. दुकानदार वनीस (कारागीर म्हणून सगळे त्याला ‘उस्ता’ म्हणतात) आणि झोहराचा धाकटा भाऊ मिफ्ताह भिंतीकडे तोंड करून खुर्च्यांवर बसलेले.)

झोहरा : अजून थोडं वळा, उस्ता. तुमचा डावा डोळा दिसतोय मला.

वनीस : ताई, आणखी वळलो तर खुर्ची भिंतीत जाईल.

मिफ्ताह : माझा दिसतोय?

झोहरा : तुझे दोन्ही दिसतायत. तूही वळ.

मिफ्ताह : मी कशाला? फोटोत माझी आई आहे.

झोहरा : आई तुझी. तिच्याभोवती बसलेल्या बायका तुझ्या कोण लागतात? मेंदीची रात्र होती, मिफ्ताह. एकीच्याही डोक्यावर ओढणी नाही.

मिफ्ताह : मग मला आणलंस कशाला?

झोहरा : परक्या माणसाच्या दुकानात मी एकटी बसू?

वनीस : हाजी, तुम्ही बसा. दोघं असलो की भिंतीलाही बरं वाटतं. ताई, मघाशी तुम्ही घाईत सांगितलंत, मला अजून उमगलेलं नाही. लोक फोटो आणतात ते वीज गेली, पोरानं सरबत सांडलं म्हणून. तुमच्या बहुतेक फोटोंच्या फाइलींचा वरचा भाग कुणीतरी मुद्दाम छाटल्यासारखा गेलाय.

झोहरा : मुद्दामच छाटलाय. आम्हीच.

वनीस : तुम्ही.

झोहरा : आईनं सांगितलं म्हणून. आमच्या धाकटीच्या लग्नातले हे फोटो. आईचं एकच म्हणणं, उद्या कॉम्प्युटर कुणाही बाप्याच्या हाती पडला तरी यातला एक फोटो उघडता कामा नये. तर आमची भाची, ती...

मिफ्ताह : नाव नको.

झोहरा : नाव घेत नाहीये. ती भाची म्हणाली, आजी, प्रत्येक फोटोला सुरुवातीला एक डोकं असतं. तो केवढा आहे, रंग कसे लावायचे, हे सगळं त्या डोक्यात. तेच कापून वेगळं ठेवते. मग कॉम्प्युटरला कळणारच नाही की हा फोटो आहे. आई जाम खूश. सगळी डोकी एका पेनड्राइव्हवर ठेवली. बघायचे झाले की जोडायची.

वनीस : आणि पेनड्राइव्ह?

झोहरा : आईच्या झग्याच्या खिशात.

वनीस : आणि झगा?

मिफ्ताह : धुण्याच्या मशीनमध्ये. गरम पाण्यात.

वनीस : कुलूप झकास होतं, ताई. मालकालासुद्धा उघडता येऊ नये, असं कुलूप मी आजवर पाहिलं नव्हतं. फोटो काढणाऱ्या बाईकडे काही उरलं नसेल?

झोहरा : ती निघताना आमच्या डोळ्यांदेखत सगळं पुसून जाते. तशी शपथच असते. घरी बायकोला विचारा.

वनीस : बायकोला विचारलं तर ती विचारेल, तुम्हाला कशाला हवंय.

मिफ्ताह : होणार आहे का काम, एवढं सांगा.

वनीस : होईल असं वाटतंय, हाजी. त्याच कॅमेऱ्यानं त्याच रात्री काढलेला एखादा धड फोटो मिळाला की त्याचं डोकं दुसऱ्याला चालतं. भाचीनं ज्यात बाई नाही त्या फोटोंना हात लावलेला नाही. मघाशी मी एक डोकं उसनं घेऊन लावलंय.

मिफ्ताह : कुणाचं?

वनीस : जेवणातल्या कुस्कुसच्या परातीचं.

मिफ्ताह : माझ्या आईला कुस्कुसचं डोकं लावलंत?

वनीस : कोकरूही होतं त्यात, हाजी. ताई, आता एंटर दाबा आणि मला सांगा.

झोहरा : दाबलं. उघडला! या अल्लाह, उघडला.

वनीस : कोण दिसतंय?

झोहरा : अलीकाकांची मंडळी.

वनीस : कशा आहेत?

झोहरा : हिरव्या.

मिफ्ताह : झगा हिरवा होता?

झोहरा : झगा नाही. काकू. दातसुद्धा हिरवे आहेत.

वनीस : परात स्वयंपाकघरात काढलेली, तिथला उजेड वेगळा. फोटो बंद करा. केलात? वळू?

झोहरा : वळा.

वनीस : आता इथं नुसती नावं आहेत, हाजी, तुम्हीही बघू शकता. दिवाणखान्यातला फोटो हवा. हा एक सापडला. नवरीच्या चपला.

मिफ्ताह : नाही.

वनीस : उजेड एकदम बरोबर आहे.

मिफ्ताह : आईला चपलेचं डोकं लावायचं नाही. भले हिरवी राहू दे.

वनीस : बरं. मग हा चालेल? मेंदीचं भांडं.

मिफ्ताह : हे चालेल.

वनीस : तेवढ्यात चहा घ्या. नेहमीसारखे वरून शेंगदाणे घातलेत. आणि ताई, एवढे सगळे फोटो, सगळेच हवेत की कुठला खास आहे?

झोहरा : एकच हवाय. आई रमजानच्या आधी गेली, उस्ता. एरवी तिनं जन्मात फोटो काढू दिला नाही. घरात आहे तो पासपोर्टचा. काढणारा म्हणाला हसू नका, आणि तिनं ते एवढं मनावर घेतलं, की बघणाऱ्याला वाटावं आपणच काही गुन्हा केलाय. आता आईला आठवायला गेले की तोच चेहरा समोर येतो. दुसरा येतच नाही. मला भीती वाटते, उस्ता. तेवढाच राहील की काय.

मिफ्ताह : तो पासपोर्ट मी काढून दिला. गुडघ्यांसाठी ट्युनिसियात, स्फाक्सच्या दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून.

झोहरा : हो, तू दिलास.

वनीस : त्या रात्रीच्या फोटोत त्या काय करतायत?

झोहरा : नाचतेय.

मिफ्ताह : ती नाचली नाही.

झोहरा : मी तिथं होते.

मिफ्ताह : मी मेंदीच्या रात्रीला हो म्हटलं ते नाच नाही या अटीवर. आई म्हणाली, मी कोपऱ्यात बसून राहीन. शब्द दिला तिनं मला. आणि तिचे गुडघे मला माहीत आहेत. गाडीतून उतरताना रडायची ती.

झोहरा : गाडीतून उतरताना ढोलकी वाजत नव्हती.

मिफ्ताह : ती नाचली नाही.

वनीस : जोडून झालंय. चला हाजी, भिंत. ताई, दाबा.

झोहरा : दाबलं.

वनीस : ताई? रंग कसा आहे?

झोहरा : रंग बरोबर आहे.

मिफ्ताह : आई आहे?

झोहरा : आहे.

वनीस : फोटो पूर्ण आलाय?

झोहरा : नाही. वरती आई आहे, कमरेपर्यंत. त्याखाली सगळं राखाडी. खाली बसलेल्या बायका एकूणएक राखाडीत गेल्या.

वनीस : फोटो मध्येच तुटलाय. तुटला की त्याखालचं तसंच होतं. निघेल तेही, पण मला संध्याकाळपर्यंत बसावं लागेल.

झोहरा : थांबा जरा. मिफ्ताह, वळ.

मिफ्ताह : त्या बायका...

झोहरा : कुणी नाही. आई एकटीच आहे. तुम्ही नाही हं, उस्ता.

वनीस : मी भिंत बघतोय, ताई. रंग द्यायला झालाय.

झोहरा : बोल ना काहीतरी, मिफ्ताह.

मिफ्ताह : गुडघे दिसत नाहीत.

झोहरा : नाही.

मिफ्ताह : म्हणजे बसलेलीही असेल.

झोहरा : हात वर आहेत तिचे.

मिफ्ताह : बसूनही हात वर करतात.

झोहरा : करतात.

मिफ्ताह : एवढं तोंड उघडून हसायची?

झोहरा : हसायची. शेजारच्या घरात ऐकू जायचं.

मिफ्ताह : मी कधी पाहिलं नाही.

झोहरा : तुझी गाडी दारात वाजली की ती गप्प व्हायची. मग उठून चहा टाकायची.

मिफ्ताह : मला वाटायचं, तिला हसायलाच आवडत नाही. तीनदा स्फाक्सला नेलं. एवढा लांबचा रस्ता. एकदासुद्धा नाही हसली.

झोहरा : दुखत असेल तिला.

मिफ्ताह : हो. दुखत असेल.

वनीस : ताई, खालचा भाग काढायला घेऊ का? वीज जायच्या आत सुरुवात करावी लागेल.

मिफ्ताह : नको, उस्ता. आहे तसाच राहू दे.

झोहरा : आणि तू परत का वळतोयस? तू बघितलास तर चालतंय, मिफ्ताह. तुझीच आई आहे.

मिफ्ताह : मी बसतो भिंतीकडे तोंड करून. तिचं चालू दे.