डावीकडची गाठ

मिस्त्री : उद्या कुठं जायचंय ते मागाहून सांग. आधी हे सांग, झाकण कुणी उघडलं?

बहीण : कुठलं झाकण, दादा?

मिस्त्री : रेडिएटरचं. साखरेच्या डब्याचं नाही विचारत.

बहीण : तुझ्याशिवाय कोण उघडणार?

मिस्त्री : तेच म्हणतोय. बारा वर्षं या गाडीला माझ्याशिवाय कुणाचा हात नाही. झाकण लावलं की मी त्याला ही बारीक तार गुंडाळून गाठ मारतो. माझ्या गाठीचा पीळ उजवीकडं. आणि हा बघ. डावीकडं. डावखुऱ्या माणसाचं काम आहे हे.

वहिनी : घ्या. गाडी बघायला वाकले आणि फौजदार होऊन उठले.

मिस्त्री : तू भाजी निवड.

वहिनी : निवडून झाली. म्हणून तर गॅरेजात येऊन बसलेय.

मिस्त्री : आणि आत बघा दोघी. मी कूलंट भरलं होतं हिरवं. पोपटासारखं. आता काय झालंय? गढूळ, गाळ धरलेलं. आणि कडेला हे गुलाबी. माझ्या हिरव्यावर कुणीतरी गुलाबी ओतलंय.

बहीण : गेल्या आठवड्यात पुलाजवळ इंजिन तापल्याचा काटा चढला. पाणी कमी झालं होतं. मग त्यांनी पुलापलीकडच्या दुकानातून आणून थोडं घातलं.

मिस्त्री : त्यांनी.

बहीण : कोपऱ्यावरचे औषधवाले.

मिस्त्री : तो? चष्म्याला दोरी बांधतो तो? तो पुलाजवळ काय करत होता?

बहीण : आम्ही भाजी आणायला चाललो होतो.

मिस्त्री : दोघं मिळून? किती भाजी खाता तुम्ही?

वहिनी : अहो, हळू विचारा. शेजारच्या वेल्डरनं मशीन बंद केलंय ऐकायला.

मिस्त्री : ऐकू दे. चालत्या इंजिनाचं झाकण उघडलं असेल त्यानं, वाफ तोंडावर यायची.

बहीण : नाही. पाऊण तास गाडी बंद ठेवली. त्यांनी हात लावून पाहिला, गार झालंय का, आणि मग उघडलं.

मिस्त्री : हे तुला मी शिकवलंय. तू सातवीत असताना.

बहीण : हो. आणि मी त्यांना सांगितलं, आमचा दादा असं करतो. म्हणून तेही थांबले.

मिस्त्री : ते थांबले, त्यांनी उघडलं. मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नाहीस.

बहीण : तू ऐकून पडला असतास.

मिस्त्री : माझं हिरवं काय साधं होतं? आपल्या त्या लांबच्या ट्रकवाल्याला विचार. एकदा भरून दिलं, तर भर उन्हाळ्यात त्याचं इंजिन एवढं गार, की धाब्यावर ट्रक उभा केला की लोक पंखे बंद करून बॉनेटला पाठ टेकून झोपायचे. एकाला तर पडसं झालं.

वहिनी : मागच्या वेळी दोघांना झालं होतं.

मिस्त्री : दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी झालं, म्हणून मी मोजत नाही. आणि थंडीत? मी त्या वरच्या घाटात शिंकलो होतो, ती शिंक हवेतच गोठली आणि ठण्णकन बॉनेटवर पडली. पोचा आलाय. आमच्या जुन्या गाडीला अजून आहे.

वहिनी : तो पोचा तुम्ही गेट उघडायला विसरलात त्याचा आहे.

बहीण : दादा, त्याच घाटातून जायचंय उद्या. रात्री पलीकडं मुक्काम. शून्याखाली जातं म्हणतात, आतलं पाणी गोठायला नको. म्हणून आले.

मिस्त्री : पलीकडं कोण आहे?

बहीण : त्यांची आई.

(मिस्त्री फडक्यानं झाकण पुसू लागतो.)

वहिनी : आता बोला की. मघापासून तर गाडीच्या तोंडात तोंड घालून बोलत होता.

मिस्त्री : तुला माहीत होतं?

वहिनी : दोन महिने.

मिस्त्री : दोन महिने. इथं माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून. आणि मला कुणी सांगायचं? एका गाठीनं.

वहिनी : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी खोकला नसताना औषध घ्यायला गेला असता.

मिस्त्री : गेलो असतो. बघायला काय जातं? नऊ वर्षं झाली नवऱ्याला जाऊन, या नऊ वर्षांत हिची सायकल, हिचा पंखा, हिच्या नळाचा वॉशर, सगळं कुणी केलं? आता गोळ्या मोजणारा येतो आणि माझ्या बहिणीच्या इंजिनात गुलाबी सरबत ओततो. कुठल्या अकलेनं?

बहीण : पुस्तकाच्या. गाडीबरोबर आलेलं पुस्तक डिकीत होतं, प्लॅस्टिकसकट. त्यांनी ते वाचलं. हे बघ, पान एकशे बारा.

मिस्त्री : पुस्तक वाचून गाड्या दुरुस्त झाल्या असत्या तर मी वाचनालय काढलं असतं.

बहीण : वाच तरी.

(मिस्त्री पुस्तक हातभर लांब धरून वाचतो.)

मिस्त्री : बारीक लिहिलंय.

बहीण : लिहिलंय, की या इंजिनाला अमुक प्रकारचंच कूलंट. रंग बघून घेऊ नका, रंग ज्याला वाटेल तो तसा घालतो. डब्यावरचा प्रकार या पानाशी जुळवा. तुझ्या पिंपावर काय लिहिलंय?

मिस्त्री : पिंपावरचा कागद केव्हाच निघालाय. हिरवं आहे, एवढं पुरे. सगळ्या गाड्यांना तेच घालतो.

बहीण : आणि माझा वॉटर पंप तीनदा बदललास.

मिस्त्री : पंपच हलके येतात हल्ली.

वहिनी : तिन्ही?

मिस्त्री : ...बरं. माझं चुकलं असेल. पण त्याचंही चुकलं. आतलं न काढता वरून ओतलं. त्याचाच हा चिखल झालाय. हे त्याच्या पुस्तकात नव्हतं?

बहीण : होतं. घरी आल्यावर पुढचं पान वाचलं त्यांनी. मग चिठ्ठी दिली तुझ्यासाठी.

मिस्त्री : दे. बघू. ‘मिस्त्रीदादांस. घाईत चूक झाली. सगळं काढून आतून धुवावं लागेल, ते माझ्या हातचं नाही. योग्य प्रकारचा डबा आणि दुकानातलं शुद्ध पाणी पाठवतो आहे. नळाचं वापरलं तर आत क्षार धरतात, हे आपणास ठाऊक असेलच.’ ठाऊक असेलच म्हणतो.

वहिनी : ठाऊक होतं का?

मिस्त्री : अक्षर बरं आहे. औषधवाल्याचं असून वाचता आलं.

बहीण : दादा, गाडी मला कुठंही धुऊन मिळाली असती. चौकात दोन गॅरेजं आहेत. मी विचारायला आलेय.

मिस्त्री : आणि मी नाही म्हटलं तर?

बहीण : तर बसनं जाईन. पण येताना डोळे लाल असतील माझे, आणि तुला वहिनीकडून कळेल.

मिस्त्री : डबा कुठंय?

बहीण : मागच्या सीटवर.

मिस्त्री : वाचून दाखव. पान एकशे बारा आणि डबा, दोन्ही. एकेक अक्षर जुळलं पाहिजे. तू गं, ती परात सरकव खाली, गाळ रस्त्यावर नको, कुत्री चाटतात आणि मरतात. तीनदा धुवायचं, तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ आलं पाहिजे. मग निम्मं कूलंट, निम्मं त्याचं शुद्ध पाणी.

वहिनी : संध्याकाळ होईल.

मिस्त्री : होऊ दे. चहा ठेव. त्याला पण बोलव.

बहीण : खरंच?

मिस्त्री : हात बघायचाय मला त्याचा. डावखुरा आहे ना?

बहीण : आहे.

मिस्त्री : माझी खात्री होती. आणि ऐक, शेवटी झाकण लावीन, पण तार बांधणार नाही. तार बरोबर देतो. वाटेत पातळी बघितली की त्याला बांधायला सांग. डावीकडं पीळ असला तरी चालेल. परत आलात की मी बघेन आणि समजेन, घरचाच हात लागलाय.