वासंतीनं ठेवलेली नावं

आदरणीय अध्यक्ष सुनीतीताई, व्यासपीठावरील मान्यवर, मंडळाचे कार्यकर्ते, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या सुज्ञ रसिकहो,

पंच्याहत्तरीचा सत्कार केलात, आभारी आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात शाल पांघरलीत, तरीही आभारी आहे. मानपत्रात लिहिलंय, 'निसर्गातले राग रंगांत पकडणारे चित्रकार.' ऐकायला बरं वाटलं. पण ते खोटं आहे.

अहो, मी गाण्यातला औरंगजेब! हसू नका, मला भूप कुठला आणि यमन कुठला, आजही कळत नाही. मग चाळीस वर्षं माझ्या चित्रांना रागांची नावं कशी? मी टेकडीवर जायचो. पांगारा, शिरीष, वाळलेलं गवत, दिसेल ते रंगवून आणायचो. वासंती, माझी पत्नी, गाण्याचे क्लास घ्यायची. ती चित्रासमोर उभी राहायची, काहीतरी गुणगुणायची आणि म्हणायची, "तोडी. लिहा मागे." मी लिहायचो. समीक्षकांनी त्या नावांवर पानंच्या पानं लिहिली. आम्ही दोघं घरी हसायचो. पण नावं तिची आहेत, हे मी कुणालाच सांगितलं नाही. ती होती तेव्हा सांगायला हवं होतं.

त्या भिंतीवर बहाव्याचं चित्र आहे, ते शेवटचं. हॉस्पिटलमध्ये नेऊन तिला दाखवलं. तिच्या घशात नळी होती. बराच वेळ बघत राहिली, मग माझ्या मनगटावर दोन बोटांनी दोनदा हळूच वाजवलं आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी गेली. त्याला चार महिने झाले. लोक विचारतात, कसे आहात? काय सांगू? आत काही हलतच नाही. चहा प्यालो की नाही, तेही कपाकडे बघून कळतं. पत्रिकेसाठी मंडळानं चित्राचं नाव विचारलं, तेव्हा 'मारवा' म्हणून ठोकून दिलं.

मघाशी आत वासंतीची विद्यार्थिनी स्वराली भेटली. आत्ताचं स्वागतगीत तिनंच म्हटलं. टेबलावर तसंच दोनदा वाजवून तिला विचारलं, "हा कुठला राग गं?"

"काका, राग नाही तो," ती म्हणाली. "काकू क्लासमध्ये आमच्याबरोबर गायच्या ना, मध्येच हातावर असं वाजवून थांबायच्या. म्हणजे पुढचं आपलं आपण म्हणायचं."

तेव्हा पत्रिकेतलं 'मारवा' कृपया खोडा. मानपत्रात वासंतीचं नाव घाला, जागा नसेल तर माझी दोन विशेषणं काढा. चित्राला अजून नाव नाही. उद्या सकाळी त्याच्यासमोर बसून बघतो. जमेलच असं नाही.

आपण एवढं ऐकून घेतलंत, उपकार झाले. सत्काराच्या दिवशी भलतंच बोललो असेन. माफी खरं तर तिची मागायची होती. ती नाही, म्हणून आपली मागतो. नमस्कार.