वडिलांनी घरी थांबावे

नाही, चहा नको ताई, खरंच नको, बसते मी, फक्त जरा दाराकडे तोंड करून बसते, चालेल ना—सवय आहे, दुसरं काही नाही. तर मी काय म्हणत होते, राजवाड्यांच्या गोष्टींचा संच नको. चांगला असेल, तुम्ही म्हणता म्हणजे असणारच, पण राजवाड्यात सगळं आतल्या आत चालतं, नाही का? राणी आत, दासी आत, रुसवेफुगवे आत. माझ्या पोरी आधीच आत आहेत. म्हणजे शाळेत जात नाहीत, घरी शिकतात, तेवढ्याच अर्थानं म्हटलं मी. तो दुसरा बघू द्या, जहाजांचा. थांबा, चष्मा काढते, म्हणजे मला नीट वाचता येईल.

हसताय? हसा हो, चष्म्याच्या दुकानदाराची बायको आणि वाचायला चष्मा काढून ठेवते, मलाही हसू यायचं आधी. तर मी सातवीपर्यंतच शिकलेली, ते तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आठवतं? तेव्हा तुम्ही म्हणालात, इतिहास म्हणजे सनावळ्या नाहीत, तुम्हाला गोष्ट वाचून दाखवता येते ना, मग झालं—गोष्टींची पुस्तकं आणि सोबत तुमची ती पुस्तिका, कधी काय वाचायचं, वाचून झाल्यावर काय विचारायचं, काय करून बघायचं. खरं सांगते, पोरींपेक्षा मलाच गोडी लागली. त्या कुंभारांच्या संचात ती भट्टी विझते आणि ती मुलगी आपली खेळणी आत टाकते जाळायला, तिथं मी अशी रडले, की धाकटी म्हणाली, आई तू पुढचं ताईला वाचू दे, तुझ्यानं होणार नाही. तेवढ्यात खालून काठी वाजली. वरच्या फळीवरच्या पेट्या काढायची काठी आहे ह्यांची, ती छताला दोनदा टेकवतात, म्हणजे आवाज कमी. दुकान खाली ना, आम्ही वर, दोन खोल्या. जिना उतरतो तो थेट दुकानात, ह्यांच्या खुर्चीशेजारी. दुसरं दार नाही. वर कोण चाललंय, थोरली का धाकटी, मोरीकडे का खिडकीकडे, ते खाली बसून सांगतात हे. पायावरून ओळखतात. कान तिखट आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, तुमचं किती लक्ष असतं हो घरात.

आणि तुमच्या पुस्तिकेवर त्यांचा फार विश्वास, हे मात्र सांगायला हवं. माझं ऐकत नाहीत, माझ्या माहेरच्यांचं तर नाहीच नाही, पण छापलेलं असलं की मानतात. असतो एकेकाचा स्वभाव. कुंभारांच्या संचात होतं, एक संध्याकाळ दिव्याशिवाय काढा—ह्यांनी दुकानातलेसुद्धा दिवे घालवले, गिऱ्हाईक बसलेलं असताना. जमिनीवर बसून सगळ्यांनी एका भांड्यातून जेवा असं होतं, तर बसले, गुडघे दुखतात तरी बसले. आज मी इथं आले तीही तुमचीच कृपा. 'जी व्यक्ती वाचून दाखवते तिनेच पुढचा संच निवडावा' असं मागच्या पानावर छापलंय ना तुम्ही, ते मी नुसतं पान उघडं ठेवलं त्यांच्या ताटाशेजारी. वाचलं, जेवले, हात धुतला, म्हणाले, जाऊन ये.

वेढ्याचा संच? हो, तो झाला, आवडला पोरींना. नाही, तसं नाही, गोष्टी चांगल्याच होत्या. फक्त—राग मानू नका ताई—तिथं तुमच्याकडून एक राहून गेलं. 'किल्ल्यातल्या लोकांप्रमाणे घरातले धान्य मोजून ठेवा, प्रत्येकाने आपल्या वाट्याचेच खा.' किती दिवस, ते छापलं नव्हतं. तुमच्या मनात एखादा दिवस असेल, पोरांची गंमत म्हणून. ह्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि वाटे केले. स्वतःचाही वाटा तेवढाच, लबाडी नाही त्यांच्यात. मी म्हटलं, बास आता, धाकटीला चक्कर येतेय, तर म्हणाले, कुठं लिहिलंय बास म्हणून? मग मी पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली, तर शेवटच्या भागाचं नाव 'वेढा उठल्यावर'. म्हटलं, आता तिथपर्यंत पोचायचं. सकाळ नाही, दुपार नाही, वाचत सुटले, घसा बसला, शेवटी शेवटी नुसती हवा निघायची तोंडातून आणि थोरली ओठांकडे बघून पुढचं वाक्य जुळवायची. वेढा उठला तेव्हा कुलूप उघडलं. त्याच मिनिटाला उघडलं हो. शब्दाचे पक्के आहेत.

नाही नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुम्हाला काय माहीत. तो जहाजांचा संच ठेवा बघू इथं माझ्याजवळ. ह्यात शेवटी धक्क्यावर जायचं आहे ना? हे बघा, आहे—'जमल्यास जवळच्या धक्क्याला भेट द्या.' जमल्यास. हा शब्द नको होता, ताई. ह्यांना जमत नाही. त्यांची पद्धत अशी की तिघींनी एकदम बाहेर पडायचं नाही. मी बाहेर आले की पोरी खाली दुकानात बसतात, त्यांच्या समोरच्या बाकावर, आत्ताही तिथंच असतील. पोरींना न्यायचं असलं की ते नेतात आणि मी वर. खालचं शटर ओढलेलं असतं तेव्हा—वाऱ्यानं धूळ येते ना दुकानात. अहो, प्रत्येक घरची एक तऱ्हा असते. काळजी असते बापाला.

शाळा का सोडवली? ते काय, थोरली एकदा वर्गाच्या दारावर आपटली. बाईंनी विचारलं, चष्मा कुठाय तुझा, तर ही सरळ म्हणाली, बाबांच्या खिशात. लहान होती, तिला काय कळतंय काय सांगावं. बाई मग दुकानात आल्या, डोळे तपासायचं निमित्त करून. ह्यांनी इतका सुंदर चष्मा करून दिला त्यांना, काय सांगू, आणि दुसऱ्या दिवशी दोघींची नावं काढली शाळेतून. मारत नाहीत ते, कधी बोट लावलं नाही. चूक झाली की थोरलीचा चष्मा काढून घेतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात, झालं. तिचा नंबर मोठा आहे, जन्मापासूनच. मग ती बसते असेल तिथं. परत मिळाला की उठते. मीही म्हणायची, एवढं काय, शिस्त लागते—म्हणायची मी, खोटं कशाला बोलू.

पण धाकटीला नंबर नाहीये, ताई. हे माझं मला माहीत आहे. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी ती खिडकीतून वाचायची, खालच्या बारीक ओळीसकट, डॉक्टरचं नाव, सुट्टीचा वार, सगळं. तर मध्यंतरी काय झालं, दुकानात गर्दी होती आणि ही जिन्यावरून खाली आली ती थेट रस्त्यावर. पळत. कोपऱ्यापर्यंत गेली, तिथल्या चपला शिवणाऱ्या काकांनी आणून सोडली, त्यांना वाटलं हरवली. ह्यांनी तिला आत घेतली. खुर्चीत बसवली, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, सगळी वाचली पोरीनं, छान म्हणाले आणि त्याच संध्याकाळी तिला चष्मा केला. जाड. आता जिना ती बसून उतरते, एकेक पायरी, हातानं चाचपून. उलटी होते तिला सकाळी. मी म्हटलं, तिला कशाला, तर म्हणाले, होते डोळ्यांना सवय. होते, तेही खरं. मला झालीच ना. लग्न झालं तेव्हा मला चष्मा नव्हता.

बघा, काय काय बोलत बसले मी, संच घ्यायला आले आणि. तुम्हाला कामं असतील. एवढंच विचारायचं होतं, पुस्तिका तुम्ही इथंच छापता ना? तो आतल्या खोलीतला प्रिंटर, आणि पिना मारता. मागच्या वेळी पानं गरम होती हाताला, त्यावरून म्हटलं. मग ह्यातलं शेवटचं पान जर दुसरं लावलं तर? फार नाही, चार ओळी. मी मनात जुळवून आणल्यात, तुमच्याच भाषेत, इतक्या वाचल्यात तुमच्या पुस्तिका की आता मला स्वप्नंही तशीच पडतात—दात घासावेत, केस विंचरावेत. सांगू? 'संचाच्या शेवटी आईने सर्व मुलांना घेऊन बोटीने पलीकडे जावे.' जमल्यास नको. 'हा भाग टाळू नये' हे घाला, पहिल्या संचात होतं ते, तेव्हा तो भाग ह्यांनी दोनदा करून घेतला होता. मग, 'व्यापाऱ्यांप्रमाणे प्रत्येकाने आपले गाठोडे बरोबर घ्यावे.' नाहीतर गाठोडी बघून विचारतील. आणि शेवटी, हे महत्त्वाचं, ह्यांना काही काम दिलं नाही तर ते येतील बरोबर: 'वडिलांनी घरी थांबावे. मालाचा धनी किनाऱ्यावर जशी जहाजाची वाट पाहत असे, तशी वाट पाहावी.'

हो, बसतील ते. खुर्ची दाराशी ओढून बसतील, मी ओळखते ना त्यांना. कधीपर्यंत, ते नका छापू.

पलीकडच्या किनाऱ्याला माझी बहीण आहे. बहीण आहे हे ह्यांना माहीत आहे, कुठं राहते ते नाही, घर बदललंय तिनं. तिथं सरकारी दवाखाना आहे डोळ्यांचा, धाकटीचे डोळे आधी दाखवायचे, असं ठरवलंय मी, बाकीचं मग. बारीक अक्षर नका लावू हं ताई, बारीक अक्षराचा त्यांना संशय येतो, म्हणतात लोक लपवायचं ते बारीक छापतात. बाकीच्या पानांसारखंच. शाईसुद्धा तीच. आवाज करतो हो तुमचा प्रिंटर, आमच्या घरी असता तर खालून काठी वाजली असती. झालं? आण—द्या, मी लावते पिना, तुमची वाकडी बसतेय. मीच घाबरवलं तुम्हाला. गोष्ट वाचताना मीही अशीच घाबरायची, वाचत राहिलं की जाते भीती.

थांबा, माझा फोन वाजतोय. बोलू नका हं.

हो. हो, मिळाला. जहाजांचा. नाही, राजवाड्यांचा नाही घेतला, त्यात जहागिऱ्या आणि वारसाहक्क, पोरींना कळायचं नाही. आहे ना पुस्तिका, हातातच आहे. आत्ता वाचू? शेवटून? बरं. 'संचाच्या शेवटी आईने सर्व मुलांना घेऊन बोटीने पलीकडे जावे. हा भाग टाळू नये. व्यापाऱ्यांप्रमाणे प्रत्येकाने आपले गाठोडे बरोबर घ्यावे. वडिलांनी—' हो, वडिलांनी असंच आहे. 'वडिलांनी घरी थांबावे.' वाचते सावकाश. 'मालाचा धनी किनाऱ्यावर जशी जहाजाची वाट पाहत असे, तशी वाट पाहावी.' नाही, पुढं काही नाही. संपलं पान. हो, छापलेलंच आहे. पोरी काय करतायत? धाकटी रडतेय का? बरं. बरं, नाही विचारत. काय म्हणालात? आत्ता? आहेत ना, समोरच आहेत.

ताई, हात ठेवलाय मी फोनवर, त्यांना ऐकू जात नाही. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. आजवर कुठल्या पुस्तिकेत वडिलांना घरी बसवलं नव्हतं म्हणतात, ही ओळ कुणी घातली ते विचारणार आहेत. खोटं असलं की आवाजावरून ओळखतात ते, म्हणून आधी घोटभर पाणी प्या. प्यालात? आता मी हात काढते. बोला.