हायड्रोजनच्या भट्टीतलं मीठ

मिस्त्री: ये, स्टूल ओढ आणि अशी जवळ बस. तुला एक गोष्ट सांगायचीय. लहानशीच आहे, पण शेवटपर्यंत ऐक.

विद्यार्थिनी: काका, उद्या दहाला पोलाद कारखान्याची माणसं येतायत. चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या हायड्रोजन भट्टीचे आकडे जुळलेत. गोष्ट परवा ऐकते ना.

मिस्त्री: परवा उपयोग नाही. त्याच कारखान्यात आम्ही दोघं भाऊ भट्टीवर होतो. कोळशाची आग, तिच्याशी आमची नजरेची ओळख. एकदा भर दुपारी हायड्रोजनच्या नळीचा सांधा गळून पेटला. धाकटा सरळ त्यातून चालत गेला.

विद्यार्थिनी: उजेडात ती आग दिसतच नाही.

मिस्त्री: त्याला नुसतं ऊन दिसलं.

विद्यार्थिनी: म्हणून तुम्ही इथे झाडू पुढे धरून चालायचात?

मिस्त्री: काडी जळली की समजायचं, इथे आग आहे.

विद्यार्थिनी: आणि मी तो फेकायला लावला. वर म्हणाले, काका, ही प्रयोगशाळा आहे, अंगण नाही.

मिस्त्री: राख मोजणीत येत होती, तुझं बरोबरच होतं. पण मला भट्टीशेजारी उभं राहवेना. देवाला मी न बघता मानतो. आगीला नाही जमत. म्हणून भट्टीच्या हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडतो ना आपण, त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला लागलो. मिठानं ज्वाळा पिवळी दिसते.

विद्यार्थिनी: कधीपासून?

मिस्त्री: झाडू गेला त्या दिवसापासून.

विद्यार्थिनी: काका, आपला कॅमेरा ज्वाळेच्या उजेडावरूनच तापमान काढतो. पिवळा उजेड वाढला की तो आकडा जास्त दाखवतो.

मिस्त्री: ते मला काल कळलं, तू सरांना समजावत होतीस तेव्हा.

विद्यार्थिनी: मला वाटलं, भट्टीच्या विटांचा रंग ज्वाळेत उतरतोय. त्या पिवळ्यावर तीन पानं लिहिलीत मी. सर म्हणाले, छान निरीक्षण आहे.

मिस्त्री: ते पाणी जिभेला लावून बघितलं असतंस, तर तीन पानं वाचली असती.

(ती हसते. हसणं लवकर थांबत नाही.)

विद्यार्थिनी: मिठाशिवाय चालवून बघितलीत?

मिस्त्री: सकाळीच. हा घे कागद.

विद्यार्थिनी: दीडशे अंशांनी कमी. एवढ्यात पोलाद तापायचं नाही.

मिस्त्री: नाही.

विद्यार्थिनी: यंदा जमलं नाही तर ते कारखान्यातली भट्टीच बंद करणार आहेत. तुमचा मुलगा तिथेच आहे ना?

मिस्त्री: तो आहे, आणखी चारशे जण आहेत.

विद्यार्थिनी: हे फक्त आपल्या दोघांनाच माहीत आहे, काका.

मिस्त्री: हो. रात्रभर मीही तेच घोकत होतो. पण पुढे तुझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून माझा पोरगा त्या आगीसमोर उभा राहणार. एक भरवशानं चालत गेलेला मी पाहिलाय.

विद्यार्थिनी: तो फोन द्या इकडे. सरांना कळवते.

मिस्त्री: मीठ मी घातलं, हे आधी सांग.

विद्यार्थिनी: झाडू मी फेकायला लावला, हेही सांगेन. तरी उद्याची बैठक काही वाचत नाही.

मिस्त्री: नाही वाचत. एक मागणं आहे. पुढे कधी, कुठेही, कुणी ही आग नीट पेटवलीच, तर माझ्या धाकट्याची आठवण काढ. उन्हातून चालत गेला, एवढंच.